शिक्के, कर्णे, वाट्या आणि लेव्हल

बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात, सात शिक्के मारलेल्या गुंडाळीचा सहावा शिक्का फुटतो तेव्हा सूर्य तरटासारखा काळा पडतो, चंद्र रक्तासारखा होतो आणि वाऱ्याने हललेल्या अंजिराच्या झाडावरून कच्ची फळं गळावीत तसे आकाशातले तारे पृथ्वीवर गळतात. आकाश तर गुंडाळीसारखं गुंडाळलंच जातं. हा सहावा अध्याय. पुढे आठव्यात चौथा देवदूत कर्णा वाजवतो आणि ताऱ्यांचा तिसरा हिस्सा अंधारतो. कुठले तारे? ते तर मघाशीच पडले ना? त्याच अध्यायात पहिल्या कर्ण्याला सगळं हिरवं गवत जळून गेलेलं असतं, आणि नवव्या अध्यायात अगाधकूपातून निघालेल्या टोळांना ताकीद मिळते की गवताला तोंड लावायचं नाही.

ऑनलाइन गेमवरच्या कादंबऱ्या वाचणाऱ्याला ही जागा चटकन खटकते. तो वाचक हिशेबी असतो. नायकाकडे तिसऱ्या मजल्यावर औषधाच्या दोन बाटल्या होत्या, एक संपली, मग पाचव्या मजल्यावर पुन्हा दोन कुठून आल्या, असं तो थेट लेखकाला विचारतो. अंतकाळाविषयीची ख्रिस्ती पुस्तकं वाचायला घ्यायची तर ही खोड फार कामाची आहे. ही दोन कपाटं शेजारी-शेजारी ठेवून वाचावीत असं मला वाटतं ते मुख्यतः तिच्यामुळे.

आपल्याकडे ‘ऑनलाइन गेम’ म्हटलं की हल्ली रमीच्या जाहिराती डोळ्यांपुढे येतात. इथे अभिप्रेत आहेत ते खेळ निराळे. हजारो माणसं एकाच वेळी एका कल्पित जगात वावरतात, कुणी लोहार, कुणी मांत्रिक, कुणी नुसताच लुटारू. आणि तुम्ही झोपलात तरी ते जग चालूच राहतं. १९९७ चं ‘अल्टिमा ऑनलाइन’, २००४ चं ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ ही त्यांतली नावाजलेली.

आता त्या ताऱ्यांकडे परत. या कोड्याचं एक जुनं उत्तर असं, की सात शिक्के, सात कर्णे आणि देवाचा क्रोध ओतणाऱ्या सात वाट्या या एकवीस घटना नाहीतच. एकच गोष्ट तीनदा सांगितली आहे, कीर्तनकार निरूपणात फिरून फिरून त्याच चरणावर येतो तशी, दर वेळी आवाज थोडा चढवून. प्रकटीकरणावरचं आज उपलब्ध असलेलं सर्वांत जुनं संपूर्ण भाष्य तिसऱ्या शतकातल्या व्हिक्टोरिनस या बिशपचं आहे, आणि त्याचंही म्हणणं हेच: वाट्यांत जे सांगितलं ते कर्ण्यांचंच पुन्हा सांगणं आहे. दुसरं उत्तर असं, की नाही, सगळं याच क्रमाने, एकामागून एक घडणार. पडलेले तारे म्हणजे उल्का होत्या आणि गवत मधल्या काळात पुन्हा उगवलं.

दुसरं उत्तर घेतलं की प्रकटीकरणाच्या लेव्हल होतात. एक शिक्का फुटल्याशिवाय दुसरा नाही, सात संपले की कर्ण्यांचं दालन उघडतं, शेवटी मोठा राक्षस. गेल्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांत इंग्रजीत, विशेषतः अमेरिकेत, अंतकाळावर जी लोकप्रिय पुस्तकं निघाली त्यांतली बहुतेक या वाचनावर उभी आहेत. गंमत अशी की खऱ्या गेमवर लिहिणारे चांगले कादंबरीकार बरोबर उलट्या दिशेने गेले. त्यांना लेव्हल आयत्या मिळाल्या होत्या. त्यांनी त्या बाजूला सारून आत राबणारी माणसं शोधली.

वेळापत्रकाचा सांगाडा प्रकटीकरणातला नाही, तो बायबलातल्याच दानीएलाच्या पुस्तकाच्या नवव्या अध्यायातला. तिथे ‘सत्तर सप्तकं’ येतात. एक सप्तक म्हणजे सात वर्षं धरायची. सात आणि बासष्ट, मिळून एकोणसत्तर सप्तकं संपली की अभिषिक्ताचा, ख्रिस्ती वाचनात येशूचा, वध. राहिलं एक. प्लिमथ ब्रदरन पंथाच्या जॉन नेल्सन डार्बी (१८००–१८८२) यांच्या शिकवणीतून जी मांडणी रूढ झाली तिच्यात घड्याळ इथे थांबतं. ख्रिस्ती मंडळीचा सगळा काळ म्हणजे हा मधला थांबा. एके दिवशी विश्वासणारे अचानक वर उचलले जातील, घड्याळ पुन्हा टिकटिकायला लागेल, आणि उरलेलं सप्तक म्हणजे महासंकटाची सात वर्षं. त्यांचे दोन सारखे तुकडे: बेचाळीस महिने, किंवा १,२६० दिवस. हे आकडे मात्र प्रकटीकरणाच्या अकरा ते तेरा या अध्यायांत आहेत.

१,२६० ला ४२ ने भागा. तीस. म्हणजे महिना तीस दिवसांचा आणि वर्ष ३६० दिवसांचं. स्कॉटलंड यार्डमधले मोठे अधिकारी सर रॉबर्ट अँडरसन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हेच वर्ष घेऊन गणित मांडलं: ६९ गुणिले ७ गुणिले ३६०, बरोबर १,७३,८८० दिवस. इ.स.पू. ४४५ च्या १४ मार्चला निघायचं आणि इ.स. ३२ च्या ६ एप्रिलला, येशू गाढवावर बसून यरुशलेमात शिरतो त्या दिवशी, पोचायचं. एका दिवसाचाही फरक नाही. पहिल्यांदा वाचणारा गार होतो. गार झाल्यावर दोन प्रश्न विचारावेत. निघायची तारीख कशी ठरली? मोजणी यरुशलेम पुन्हा उभारण्याच्या हुकमापासून करायची, आणि इराणी बादशहांचे तसे हुकूम एकाहून अधिक आहेत. ४४५ ऐवजी ४५७ घेणारेही आहेत, त्यांच्याकडे आपण येऊच. आणि वर्ष ३६० दिवसांचं धरायचं हे उत्तर जुळण्याआधी ठरलं, की जुळावं म्हणून?

हे वाचन घराघरांत शिरलं ते १९०९ मध्ये. ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने सी. आय. स्कोफील्ड यांच्या टिपांचं बायबल काढलं. वचनं वर, टिपा त्याच पानाच्या तळाशी. एखाद्या माणसाने ते वीस वर्षं रोज उघडलं तर अमुक गोष्ट वचनात वाचली की टिपेत, हे त्याला सांगता येणं कठीण. म्हणून या विषयावरचं कुठलंही पुस्तक वाचताना शेजारी बिनटिपांचं बायबल हवंच. त्यात शोधायला लागलं की कळतं, सामान किती निरनिराळ्या दुकानांतून आणलंय. ‘ख्रिस्तविरोधक’ हा शब्द अख्ख्या प्रकटीकरणात नाही. तो योहानाच्या पहिल्या-दुसऱ्या पत्रातला. ढगांत उचललं जाणं आहे थेस्सलनीकाकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात, चौथ्या अध्यायात. हर्मगिदोन, शेवटच्या लढाईची जागा, एकदाच, प्रकटीकरणाच्या सोळाव्यात. हजार वर्षांचं राज्य फक्त विसाव्यात. आणि महासंकट सात वर्षांचं, असं प्रकटीकरण कुठेच म्हणत नाही.

बावीस अध्याय, ४०४ वचनं. मोठ्याने वाचलं तर सव्वा ते दीड तास लागतो, आणि ते मोठ्यानेच वाचायचं पुस्तक आहे. पहिल्याच अध्यायात ‘वाचून दाखवणारा’ आणि ‘ऐकणारे’ यांना धन्य म्हटलंय. एका बैठकीत, भाष्याशिवाय, थांबून अर्थ न लावता वाचावं. मग दुसऱ्या वाचनाला दानीएलाचा सातवा अध्याय उघडा ठेवावा. तिथे समुद्रातून चार श्वापदं निघतात: सिंह, अस्वल, चार डोक्यांचा चित्ता आणि दहा शिंगांचं एक बिननावाचं भयंकर जनावर. प्रकटीकरणाच्या तेराव्यात समुद्रातून एकच श्वापद निघतं. अंग चित्त्याचं, पाय अस्वलाचे, तोंड सिंहाचं, शिंगं दहा, डोकी सात. दानीएलाच्या चौघांची डोकी मोजा: एक, एक, चार, एक. सात. लिहिणाऱ्याने जुनी चार साम्राज्यं वितळवून एक ओतलंय, आणि सतराव्या अध्यायात ती सात डोकी म्हणजे सात डोंगर असं सांगून रोमकडे बोटही दाखवलंय. हा आनंद वेळापत्रकवाल्या पुस्तकांत मिळत नाही. त्यांना श्वापद पुढच्या निवडणुकीसाठी हवं असतं.

६६६ चंही तसंच. हिब्रूत अक्षरांनाच किमती असतात. ‘नेरोन केसर’, म्हणजे सम्राट नीरो, हिब्रू अक्षरांत लिहा: नून ५०, रेश २००, वाव ६, नून ५०, कोफ १००, सामेख ६०, रेश २००. बेरीज ६६६. लॅटिन वळणाने ‘नेरो’ लिहिलं तर शेवटचा नून गळतो, पन्नास कमी होतात, ६१६ उरतात; आणि काही जुन्या हस्तलिखितांत नेमका ६१६ हाच आकडा सापडतो. दोन्ही आकडे एकाच माणसावर येऊन थांबणं हे या उकलीचं बळ. याउलट भाषा, स्पेलिंग आणि पदवी निवडायची मोकळीक घेतली की कुणालाही ६६६ मध्ये बसवता येतं. टॉल्स्टॉयच्या ‘वॉर अँड पीस’मध्ये पिएर आधी नेपोलियनचं नाव बसवतो, मग स्वतःचं बसेना तेव्हा फ्रेंच व्याकरणाला बगल देऊन तेही बसवतोच.

मराठी वाचकाला इथे एक घरगुती सुख आहे. देवाचा क्रोध ओतला जातो तो आपल्या बायबलात ‘वाट्यां’मधून. इंग्रजी वाचकाला जे भांडं धड डोळ्यांपुढे येत नाही ते आपल्या ताटातच असतं. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध बायबल मराठीत आणलं. ते त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये बाहेर पडलं. भाषांतरं दोन-तीन समोर असली की एक फायदा असा होतो की एखाद्या शब्दावर सगळी इमारत उभी करणारं पुस्तक कुठे डळमळतं ते लगेच दिसतं.

तारखा देणाऱ्यांची पुस्तकं मात्र वेगळ्या कारणासाठी वाचावीत. दुरुस्ती कशी होते ते पाहायला. गेम खेळणारे ज्याला पॅच म्हणतात तोच प्रकार.

न्यूयॉर्क राज्यातला शेतकरी विल्यम मिलर. त्याने दानीएलाच्या आठव्या अध्यायातले २,३०० दिवस घेतले, एक दिवस म्हणजे एक वर्ष धरलं आणि इ.स.पू. ४५७ पासून मोजलं. २,३०० वजा ४५७ म्हणजे १८४३, ख्रिस्त परत येण्याचं वर्ष. ते वर्ष गेलं. मग लक्षात आलं की इ.स.पू. १ नंतर थेट इ.स. १ येतं, मध्ये शून्य नावाचं वर्षच नाही. म्हणजे उत्तर १८४४. ही दुरुस्ती गणिताच्या दृष्टीने अगदी बरोबर होती. सॅम्युएल स्नो यांनी ज्यूंच्या प्रायश्चित्ताच्या दिवसावरून २२ ऑक्टोबर ही तारीख काढली. त्या रात्री हजारो लोक जागे राहिले. २३ ची सकाळ नेहमीसारखी उजाडली.

पुढची दुरुस्ती जास्त नामी. तारीख बरोबर, घटना चुकली, असं एका गटाने ठरवलं: त्या दिवशी ख्रिस्त पृथ्वीवर यायचा नव्हताच, स्वर्गातल्या पवित्रस्थानात एक नवं कार्य सुरू व्हायचं होतं, आणि ते झालं. या गटातून १८६३ मध्ये सेव्हन्थ डे अ‍ॅडव्हेंटिस्ट मंडळी उभी राहिली. पुण्यात औंधला स्पायसर आहे ती याच मंडळीची शिक्षणसंस्था. तिथून जाणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल की ही वाट न्यूयॉर्कमधल्या एका शेतकऱ्याच्या वजाबाकीतून निघते!

विसाव्या शतकातल्या चुका इतक्या सुरस नाहीत. १९७० च्या ‘द लेट ग्रेट प्लॅनेट अर्थ’मध्ये हॅल लिंडसे यांनी १९४८ ला इस्राएल स्थापन झालं तिथून एक पिढी, साधारण चाळीस वर्षं, असा अंदाज बांधला. त्याच धर्तीवर एडगर व्हिजनंट यांनी विश्वासणारे १९८८ च्या सप्टेंबरात वर उचलले जातील याची ८८ कारणं दिली. तो महिना गेल्यावर १९८९ साठी नवं पुस्तक. रेडिओवरचे हॅरॉल्ड कॅम्पिंग यांचं गणित तेवढं वाचण्याजोगं. त्यांनी पाचाला प्रायश्चित्त, दहाला पूर्णत्व आणि सतराला स्वर्ग मानलं, तिघांचा गुणाकार ८५०, त्याचा वर्ग ७,२२,५००. इ.स. ३३ च्या १ एप्रिलपासून इतके दिवस मोजले की २१ मे २०११ येतो. बेरीज पुन्हा करून पाहा, जुळते. असल्या गणितात चूक बेरजेत शोधू नये. पाच, दहा आणि सतराच का, आणि वर्ग कशासाठी, एवढंच विचारावं.

कादंबरीत आल्यावर या वेळापत्रकाची वेगळीच पंचाईत होते. टिम लाहे आणि जेरी जेंकिन्स यांची ‘लेफ्ट बिहाइंड’ मालिका १९९५ मध्ये सुरू झाली. बारा मुख्य भाग, तीन पूर्वकथा, एक उत्तरकथा, आणि सहा कोटींच्या वर प्रती. पहिल्या भागाची सुरुवात चोख आहे. लंडनकडे निघालेलं जंबो विमान, रात्र, आणि काही आसनांवर प्रवासी नाहीत, नुसते कपडे पडलेले. पुढे काय झालं असेल या प्रश्नाने वाचक धावतो. पण थोड्याच वेळात पात्रांना एका चर्चमध्ये चित्रफीत सापडते. उचलल्या गेलेल्या पाळकाने मागे राहणाऱ्यांसाठी ती आधीच करून ठेवलेली असते, आणि तीत काय झालं, पुढे काय होणार, सगळं सांगितलेलं असतं. खेळ सुरू होऊन तासही झाला नाही आणि हातात उत्तरांची वही. उरलेल्या अकरा भागांत पात्रं पुढचा भूकंप कधी ते तक्त्यावर पाहतात, आणि भूकंप होतो. सर्वांत मोठं भोक खलनायकात आहे. प्रकटीकरण कुठल्याही पुस्तकाच्या दुकानात मिळतं. जगाचा सम्राट होणाऱ्या हुशार माणसाने ते एकदा चाळलं असतं तर शेवटच्या लढाईला तो त्या मैदानावर कशाला गेला असता?

म्हणून या मालिकेत रस टिकतो तो किरकोळ पात्रांत, जी तक्ता मानत नाहीत. त्यांचं काय होईल हे निदान माहीत नसतं.

या मालिकेवर २००६ मध्ये संगणकावरचा खेळही निघाला, ‘इटर्नल फोर्सेस’. न्यूयॉर्क शहर, रस्त्यावर भटकणारे तटस्थ लोक, आणि त्यांना आपल्या बाजूला वळवायचं. शस्त्रंही आहेत. पण शत्रूला मारलं की आपल्या माणसाचा आत्मिक मापक खाली येतो, फार खाली गेला तर माणूस हातचा जातो. तेव्हा त्याला प्रार्थना करायला लावायची, मापक वर चढतो. धर्मशास्त्र म्हणून हे काय आहे यावर तेव्हा भरपूर वाद झाले. खेळाची रचना म्हणून पाहिलं तर दोष सोपा आहे: प्रार्थनेला किंमत फक्त वेळेची. जी गोष्ट बटण दाबून, पाहिजे तेव्हा, पुन्हापुन्हा भरून घेता येते तिला खेळाडू बंदुकीतल्या काडतुसांसारखीच वागवणार.

इथून आपण दुसऱ्या कपाटाशी येतो, कारण तिथली अडचण हीच, फक्त आरशातली. अंतकाळाच्या कादंबरीत सगळं ठरलेलं असतं. गेमच्या कादंबरीत काहीच अखेरचं नसतं. पात्र मेलं की मिनिटभरात स्मशानाशी पुन्हा उभं राहतं. मग वाचकाने काळजी करायची कशाची?

सर्वांत सरळ वाट जपानी ‘स्वोर्ड आर्ट ऑनलाइन’ने घेतली. रेकी कावाहारा यांची ही कादंबरीमाला छापील रूपात २००९ मध्ये आली. दहा हजार खेळाडू, शंभर मजल्यांचा किल्ला, बाहेर पडायचं बटण गायब, आणि खेळात मेलात तर डोक्यावरचं शिरस्त्राण मेंदू भाजून टाकणार. पणाला जीवच लागला, प्रश्न मिटला. माझ्या मते मिटला तो जरा जास्तच. ऑनलाइन खेळाचा खरा ताण आत-बाहेर करण्यात असतो: ऐन लढाईत जेवायला हाक येते, वीज जाते, सोबतीचा खेळाडू न सांगता उठून जातो. बाहेर जायची दारं बंद केली की राहते ती नेहमीची राजपुत्र-राक्षसाची गोष्ट, अंगावर आकडे चिकटवलेली.

पैशाची वाट जास्त फळली. अर्थशास्त्रज्ञ एडवर्ड कॅस्ट्रोनोव्हा यांनी २००१ मध्ये ‘एव्हरक्वेस्ट’ या खेळातलं सोनं आणि वस्तू खऱ्या डॉलरमध्ये कितीला विकल्या जातात ते तपासलं आणि तिथल्या खेळाडूची कमाई काढली: ताशी सुमारे ३.४२ डॉलर. जिथे मजुरी याहून कमी आहे तिथे कुणीतरी माणसं बसवून सोनं खणणार हे उघड होतं, आणि चीनमध्ये तसं झालंही. यंत्रणा समजून घ्यायची तर नळ आणि मोरी एवढं लक्षात ठेवावं. राक्षस मेला की नाणी पडतात, आणि राक्षस थोड्या वेळाने पुन्हा उगवतो. हा नळ कधी बंद होत नाही. तलवार दुरुस्तीचा खर्च, लिलावातली दलाली, घोड्याची किंमत ही मोरी. मोरी तुंबली की बाजारात नाणी साचतात आणि नवशिक्याला साधी ढालही परवडेनाशी होते. एखाद्या कादंबरीत नायक एका रात्रीत डोंगराएवढं सोनं विकतो आणि भाव तसाच राहतो, तर लेखकाने बाजार पाहिलेला नाही असं खुशाल समजावं.

नील स्टीफनसन यांनी पाहिलाय. ‘रिमडी’ (२०११) मध्ये एक व्हायरस लोकांच्या फायली कुलूपबंद करतो आणि खंडणी मागतो ती खेळातल्या सोन्यात. ती खेळातल्याच एका डोंगराळ मुलखात नेऊन टाकायची. मग काय होतं? खंडणी घेऊन निघालेल्यांना वाटेत लुटायला टोळ्या जमतात, त्या टोळ्यांपासून राखायला दुसऱ्या टोळ्या, आणि ओसाड डोंगरांत युद्ध पेटतं. हे कुणी ठरवलेलं नसतं; नियम आणि हाव यांतून ते आपोआप उगवतं. पुस्तक हजार पानांचं, पुढे ते दहशतवाद्यांच्या पाठलागात शिरतं आणि गेम मागे पडतो. वेळ कमी असेल तर पहिला तिसरा हिस्सा वाचला तरी पदरात पुष्कळ पडतं.

आणि धारावी. कोरी डॉक्टरोव्ह यांच्या ‘फॉर द विन’ (२०१०) मधली माला धारावीत राहते, नेट कॅफेत बसून पोरांची फौज चालवते, आणि पोरं तिला ‘जनरल रोबोटवाला’ म्हणतात. एक माणूस पैसे देऊन ही फौज भाड्याने घेतो आणि इतर खेळाडूंवर सोडतो. ज्यांना मारायचं ते आपल्यासारखेच मजूर आहेत, चीनमध्ये असल्याच कॅफेत बसलेत, हे तिच्या सोबतिणीला, यास्मिनला, आधी उमगतं. आणि कामगार संघटनेचा प्रश्न खेळाच्या आत उभा राहतो. मराठी वाचकाला इथली मुंबई काही ठिकाणी बाहेरून पाहिलेली वाटेल, बोलण्याचा ठसका कमी पडेल. मधूनमधून लेखक गोष्ट थांबवून चलनवाढ शिकवतो तेही कुणाला जाचेल. मला ते धडे गोष्टीपेक्षा सरस वाटतात. पण कॅफेच्या भाड्यापासून रोजच्या कमाईपर्यंतचा हिशेब त्याने ठेवलाय. मालाची काळजी वाटते ती त्यामुळे. स्क्रीनवरचा तिचा शिपाई पुन्हा उठेल. बुडालेला दिवस उठत नाही.

या दोन्ही कपाटांचं आता एक अपत्यही झालंय. खेळाचे आकडे, सूचना, लेव्हल वाढल्याच्या चौकटी थेट मजकुरात छापणाऱ्या कादंबऱ्यांना ‘लिट-आरपीजी’ म्हणतात. नाव रशियात २०१३ च्या सुमारास पडलं. त्यांचीच एक फांदी ‘सिस्टिम अपोकॅलिप्स’: जग संपतं आणि त्याच क्षणी प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे चौकट उघडते, तुमची लेव्हल एक. मॅट डिनिमन यांच्या ‘डंजन क्रॉलर कार्ल’मध्ये (२०२०) पृथ्वीवरच्या सगळ्या इमारती एका झटक्यात जमीनदोस्त होतात आणि वाचलेल्यांना अठरा मजल्यांच्या भुयारात उतरावं लागतं. प्रत्येक मजल्याला मुदत. ती संपली की मजला कोसळतो. वर हे सगळं परग्रहांवर करमणूक म्हणून दाखवलं जातं. इथे न्याय नाही, नुसता करार आहे, आणि त्यातल्या बारीक कलमांवर पात्रं जगतात. हा प्रकार वाचताना आकड्यांचे तक्ते प्रत्येक वेळी सबंध वाचू नयेत. मागच्या तक्त्यातलं काय बदललं तेवढं पाहावं. ऑडिओवर तर तेच आकडे मिनिटं-मिनिटं कानावर पडतात, त्यापेक्षा छापील बरं. आणि नायकाची ताकद दहावरून दहा हजारांवर गेली की पुस्तक ठेवून द्यायची वेळ जवळ आली समजावं. पुढे शत्रूही लाखांचे येतात, भीती वाढत नाही, शून्यं वाढतात.

समीक्षक फ्रँक करमोड यांचं ‘द सेन्स ऑफ अ‍ॅन एंडिंग’ (१९६७) या सगळ्याच्या मध्ये ठेवण्यासारखं आहे. घड्याळ खरं तर एकसारखाच आवाज करतं. आपण त्याला टिक आणि टॉक म्हणतो, म्हणजे एकाला सुरुवात आणि दुसऱ्याला शेवट करतो. अंताची भाकितं पुन्हापुन्हा खोटी पडूनही त्यांची पत का जात नाही, याचं त्यांचं उत्तर याच जागी आहे. त्यांच्यापुढे कादंबऱ्या होत्या, कविता होत्या. माणसं भरलेलं जग खरोखर ठरलेल्या तारखेला बंद होतं, हे पाहायला तेव्हा सर्व्हर नव्हते.

आता आहेत, आणि त्यांतले बरेच निमूट विझतात. एकाची गोष्ट मात्र दोन्ही कपाटांत ठेवता येईल. ‘फायनल फँटसी १४’ हा खेळ २०१० च्या सप्टेंबरात आला आणि आपटला. संथ, अवघड, अर्धवट. नवे प्रमुख नाओकी योशिदा यांनी तो डागडुजी करत चालू ठेवला आणि पाठीमागे नवा बांधायला घेतला. जुन्याचं करायचं काय? त्यांनी त्याचा प्रलय करायचं ठरवलं. आकाशात दालामुद नावाचा एक लाल चंद्र होता. महिन्यामागून महिने तो मोठा दिसू लागला. शेवटी शेवटी शहरांवर राक्षसांच्या धाडी येऊ लागल्या. ११ नोव्हेंबर २०१२ ला सर्व्हर बंद झाले आणि पडद्यावर चित्रफीत सुरू झाली: चंद्र फुटतो, आतून बाहामूत हा अजगर निघतो, रान पेटतं, आणि एक म्हातारा मांत्रिक उरल्यासुरल्या वीरांना काळाच्या पलीकडे पाठवून देतो. नऊ महिने ते जग कुठेच नव्हतं. २७ ऑगस्ट २०१३ ला ‘अ रेल्म रीबॉर्न’ या नावाने ते पुन्हा उघडलं, तेच प्रदेश, उद्ध्वस्त होऊन नव्याने उगवलेले, आणि जुनी पात्रंही परत आली.

प्रकटीकरणाच्या विसाव्या अध्यायात सिंहासनापुढे पुस्तकं उघडली जातात, आणि मग आणखी एक, जीवनाचं पुस्तक, ज्यात नावं लिहिलेली असतात. नव्या खेळाच्या श्रेयनामावलीतही नावांची एक यादी घातली गेली. जुन्या, मोडक्या खेळात निदान तीन महिन्यांची वर्गणी भरून राहिलेल्या खेळाडूंची ती यादी. अडीच महिने भरून निघून गेलेल्याचं नाव तिच्यात नाही.